लेकीला स्केटिंगच्या सिरीजच्या पुढच्या स्पर्धांना न्यावं का?

नोव्हायची_आई · शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, इथे कुणाची मुलं आइस स्केटिंग करतात का, म्हणजे फिगर स्केटिंग, हॉकी नाही. आम्ही मिशिगनला डेट्रॉइटच्या बाजूला राहतो. लेक साडेसात वर्षांची, दीड वर्ष झालं लर्न टू स्केट यूएसएच्या क्लासला जातेय, तिथे बेसिक १ ते ६ अशा लेव्हल असतात, त्यातली बेसिक २ पास झाली आणि आता बेसिक ३ चालू आहे. वर्गातल्या एका मुलीचा वाढदिवस रिंकवर होता, तिथे ही भिंत धरधरून एक चक्कर मारून आली आणि घरी येऊन म्हणाली मला उद्या परत जायचंय, तेव्हापासून जे सुरू आहे ते आजपर्यंत. शनिवारी सकाळी साडेसातला स्वतः उठते, शाळेला उठवायला मात्र तीन हाका माराव्या लागतात.

तर झालंय असं की आमच्या भागातल्या पाच क्लबांनी मिळून नवशिक्या मुलांसाठी एक सिरीज ठेवलीय, कॉम्पीट यूएसएच्या, म्हणजे अशा नवशिक्यांच्या स्पर्धांच्या, नियमांनी. नोव्हेंबर ते मार्च, पाच स्पर्धा, दर वेळी वेगळ्या गावचं रिंक. नंबराप्रमाणे पॉइंट जमा होतात आणि शेवटी बेरजेवर ट्रॉफी, पण निदान तीन स्पर्धा केल्या तरच तुमची बेरीज धरतात. कोच म्हणाली घाला, म्हणून पहिल्या स्पर्धेला नाव दिलं, एलिमेंट्स (सुट्या हालचाली एकेक करून दाखवायच्या) आणि प्रोग्राम (एकटीने गाण्यावर सगळं करायचं) असे दोन इव्हेंट, बेसिक ३ मध्ये.

एलिमेंट्स बरं झालं, तिसरी आली. प्रोग्रामला मात्र बर्फाच्या मधोमध एकटी जाऊन उभी राहिली, गाणं सुरू झालं आणि ती हललीच नाही. पाच-सहा सेकंद असतील पण मला ते पाच मिनिटांसारखे वाटले. मग कोचने कठड्यावरून हाताने खूण केली तशी निघाली, सगळं केलं, पण गाणं आधीच संपलं आणि शेवटचं वळण तिने शांततेतच केलं. पाच जणींत पाचवी. मेडल सगळ्यांनाच देतात, ते घेतलं, फोटो काढला. परत येताना गाडीत अर्धा तास एक शब्द बोलली नाही आणि मग मागून विचारते, "आई, त्या जज काकू माझ्यावर चिडल्या होत्या का?" मला काय उत्तर द्यावं कळेना.

आता नवरा म्हणतो एक अनुभव घेतला ना, बास, क्लास चालू ठेवू पण स्पर्धा नको. सासूबाई सध्या इथेच आहेत, त्यांचं म्हणणं एवढ्याशा पोरीला थंडीत कुडकुडत उभं करून नंबर कसले लावता. आणि लेक? ती काही बोलत नाही पण रोज हॉलमध्ये मोजे घालून तेच वळण घेत असते. पुढच्या स्पर्धांना नेऊ की नको?

आणि एक, निकालाचा कागद भिंतीवर लावला होता त्याचा फोटो काढलाय, त्यातलं मला कळलेलं नाही. तीन जज होते. माझ्या मुलीला ५, ३, ५ आणि चौथ्या आलेल्या मुलीला ४, ५, ४. दोघींची बेरीज तेराच होते ना, मग ती चौथी आणि ही पाचवी कशी?

थर्मासवाला_बाबा · शनिवार, रात्री ११:५५

दोन मुलींचा बाप आहे, शिकागोच्या बाजूला, अशा सिरीजचे दोन हिवाळे पूर्ण केलेत त्यामुळे तुमची पोस्ट वाचून सगळं डोळ्यांसमोर आलं. मोठी आता फ्री स्केट २ ला आहे, म्हणजे बेसिकच्या वरच्या लेव्हलला. माझं मत सरळ सांगतो, न्या. पण पाचच्या पाच नकोत आणि लेव्हल आधी तपासा.

लेव्हलचं असं आहे, कॉम्पीट यूएसएचा नियम म्हणतो की मुलाने जी सगळ्यात वरची लेव्हल पास केलीय तिथे, किंवा तिच्यापेक्षा एक वर, एवढ्या दोनच ठिकाणी नाव देता येतं. आणि ते ठरतं प्रवेशिका बंद होण्याच्या तारखेला, स्पर्धेच्या दिवशी नाही. तुमची मुलगी बेसिक २ पास आहे म्हणजे तिला २ पण चाललं असतं आणि ३ पण. कोचने ३ मध्ये घातलं, नियमात बसतं, पण तिच्या गटातल्या बाकीच्या मुली बहुतेक बेसिक ३ पास होऊन आलेल्या असणार. फरक मोठा आहे हो. बेसिक २ ला पुढून मागे वळायचं ते जागेवर उभं राहून, बेसिक ३ ला तेच चालत्या वेगात. जी गोष्ट पोरगी अजून शिकतेय ती अनोळखी रिंकवर, एकटीने, गाण्यावर करायची म्हटल्यावर कुणीही गोठेल. पहिल्या वर्षी मी मुलीला पास झालेल्या लेव्हललाच ठेवलं आणि त्याचा फार फायदा झाला, पायांचा विचार करायला लागत नाही, मग चेहरा वर येतो.

आता याच नियमाचा उलटा त्रास पण सांगतो कारण तुम्हाला तो दिसेलच. आम्ही ज्या सिरीजला होतो तिथे एका क्लबची एक मुलगी अख्खा हिवाळा बेसिक ४ मध्येच होती आणि वॉर्मअपला मस्त बॅकवर्ड क्रॉसओव्हर (उलटं जाताना पायावरून पाय टाकत वळणं) मारत होती, जे बेसिक ५ चं आहे. क्लबने तिची टेस्टच घेतली नाही, मग ती कागदावर चारचीच राहणार ना. पाचही स्पर्धा तीच जिंकली. माझी मुलगी तेव्हा आठची, तिने मला विचारलं बाबा तिला हे सगळं येतं तर ती पुढे का जात नाही. मला फार राग आला होता त्या मोठ्या माणसांचा, मुलीचा नाही, तिचा काय दोष. तेव्हापासून मी घरात ट्रॉफीची बेरीज करणंच सोडलं. आम्ही तीन स्पर्धा निवडायचो, जवळच्या, आणि तेवढ्याच.

पैशाचं म्हणाल तर पहिला इव्हेंट महाग असतो, त्याला दुसरा जोडला की थोडेच वाढतात, पण कोचची त्या दिवसाची फी वेगळी आणि पेट्रोल वेगळं.

बाकी बारीकसारीक. ब्लेडला धार आदल्या दिवशी लावू नका, नवी धार बर्फ धरून ठेवते आणि पोरांना वाटतं पाय अडकला, आठवडाभर आधी लावून दोन-तीन वेळा स्केट करून घ्या. सकाळी प्रॅक्टिस आइस, म्हणजे बर्फावर सरावाची वेळ, विकत मिळत असेल तर दहा-पंधरा मिनिटं घ्याच, आणि ते नसेल तर निदान वरच्या बाकांवरून तिला दाखवा की जजचं टेबल कुठल्या बाजूला आहे, आपण आत कुठून जायचं. अनोळखी रिंकवर मुलं दिशाच हरवतात. हॉकीच्या रिंकचा बर्फ जास्त थंड आणि कडक असतो, फिगरवाल्यांना जरा मऊ आवडतो, तो फरक पायाला आधी कळलेला बरा. आणि बर्फावर उतरायच्या आधी ब्लेडचे गार्ड काढलेत ना, हे स्वतः हात लावून बघा. गार्डसकट पाऊल टाकून दारातच आपटलेली दोन मुलं मी पाहिलीत.

स्कोअररूम · रविवार, सकाळी ८:१०

मी विस्कॉन्सिनला आमच्या क्लबच्या स्पर्धांना स्कोअरिंगच्या खोलीत बसते, व्हॉलंटियर, गेली चार वर्षं. १३ आणि १३ वाला प्रश्न दर स्पर्धेला कुणीतरी आई-बाबा येऊन विचारतातच, त्यामुळे नीट सांगते.

या स्पर्धांना अजून ती जुनी ६.० ची, म्हणजे जास्तीत जास्त ६.० मार्कांची, पद्धत वापरतात. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये २००२ च्या सॉल्ट लेक ऑलिंपिकला जोड्यांच्या निकालावरून जो गोंधळ झाला त्यानंतर ती मोडीत निघाली आणि प्रत्येक उडीला वेगळे पॉइंट देणारी नवी पद्धत आली, पण नवशिक्यांना जुनीच बरी पडते. यात जज मार्क देतो खरा पण त्या मार्कांची बेरीज कुणी करत नाही. मार्क फक्त क्रम लावायला. प्रत्येक जजच्या मनातली पहिली, दुसरी, तिसरी कोण एवढंच पुढे जातं, त्याला ऑर्डिनल म्हणतात, आणि तुमच्या कागदावरचे ५, ३, ५ म्हणजे तेच.

मग निकाल लागतो बहुमताने. पहिला नंबर कुणाचा? जिला निम्म्याहून जास्त जजनी पहिली ठेवलंय तिचा. मग दुसरा, मग तिसरा, असं खाली. आता तुमच्या कागदावर चौथ्या नंबरापाशी या. प्रश्न असा विचारायचा की चौथी किंवा त्याहून वर कुणाला किती जजनी ठेवलं? त्या मुलीला ४, ५, ४, म्हणजे तिघांतल्या दोघांनी चौथी म्हटलं, बहुमत झालं. तुमच्या मुलीला ५, ३, ५, म्हणजे चौथी किंवा वर असं एकाच जजने म्हटलं. त्याने अगदी तिसरी म्हटलं तरी तो एकटाच, बहुमत नाही. म्हणून ती पाचवी. बेरीज सारखी आली तो योगायोग.

पण त्या कागदावर दुसरी गोष्ट पण लिहिलेली आहे ती तुम्ही बघितली नाहीत. तीन माणसं एकाच टेबलाशी बसून तोच एक मिनिटाचा प्रोग्राम बघत होती आणि त्यातल्या एकाला तुमची मुलगी पाचातली तिसरी वाटली. गाणं संपल्यावर सुद्धा वळण पूर्ण करणारी पोरगी आहे ती, मला वाटतं त्या जजने तेच बघितलं असेल.

सिरीजच्या पॉइंटबद्दल थर्मासवाला_बाबांना अनुमोदन, आणि वर एक कारण देते. गट वयानुसार पाडतात, साधारण सहापर्यंत मुलं एका गटात, पण नावं कमी आली तर दोघींचाच गट होतो. त्या दोघींत जी शेवटची आली तिला दुसऱ्या नंबरचे पॉइंट, आणि तुमची मुलगी पाच जणींत पाचवी आली तर तिला पाचव्याचे. त्या दिवशी कोणत्या गावात किती मुलांनी नाव दिलं यावर ट्रॉफी अवलंबून असते, मी स्वतः टाइप करते हे आकडे, त्यामुळे खात्रीने सांगतेय. आयोजकांना एक विचारून ठेवा, हिवाळ्यात मध्येच लेव्हल बदलली तर आधीचे पॉइंट धरतात का. सगळीकडे सारखं नसतं.

आणि प्रोग्राम नको वाटला तर नुसते एलिमेंट्स ठेवता येतात. तिथे गाणं नाही, अर्ध्या बर्फावरच असतं, सगळ्या मुली रांगेत उभ्या राहून आधी एक एलिमेंट सगळ्यांनी, मग दुसरं, असं चालतं. एकटं वाटत नाही. तिसरी आली ना त्यात, ते उगीच नाही.

चाळिशीनंतरची_स्केटर · रविवार, दुपारी १:२५

मला जज काकूंच्या प्रश्नावर लिहायचंय. मी सिअॅटलला असते, एक्केचाळिसाव्या वर्षी स्केट पायात घातले, आता अॅडल्ट ३ ला आहे. मोठ्यांच्या पण अशाच लेव्हल असतात, अॅडल्ट १ ते ६, आणि याच कॉम्पीट यूएसएच्या स्पर्धांना आम्ही पण उतरतो, सकाळी सहा-सात वर्षांच्या मुली आणि दुपारी आम्ही.

अगं, मधोमध जाऊन उभं राहिलं ना की जज खूप जवळ दिसतात. ते ब्लँकेट पांघरून बसलेले असतात, हातात पेन्सिल, खाली मान घालून आधीच्या मुलीचे मार्क लिहीत असतात, आणि वर बघतात तेव्हा चेहरा थंडीने आखडलेला. कोणी हसत नाही कारण त्यांना कुणाकडे बघून जास्त हसू नये असं असतं. मी अख्खी बाई, ऑफिसमध्ये दोनशे लोकांपुढे बोलते, मला वाटलं यांना माझा प्रोग्राम सुरू व्हायच्या आधीच आवडलेला नाही. तर साडेसात वर्षांच्या पोरीला काय वाटत असेल. तिला एवढंच सांग की त्या चिडल्या नव्हत्या, त्या लिहीत होत्या आणि त्यांना थंडी वाजत होती. माझ्या भाचीला असंच सांगितलं होतं तर पुढच्या वेळी ती म्हणाली मावशी आज त्या काकूंनी मोजे जाड घातलेत, बरं झालं.

गोठून जाण्यावर माझ्या कोचने मला जे दिलं ते तुला देते. सुरुवातीची पोझ आणि पहिल्या चार पावलांचीच प्रॅक्टिस, बाकी काही नाही. घरात, मोज्यांवर, दिवसातून दहा वेळा. आत जायचं, कोचकडे बघायचं, श्वास, पोझ, गाण्याचा पहिला ठोका, चार पावलं, थांब, परत मागे. पाय स्वतःहून निघाले पाहिजेत, डोक्याला विचारायचंच नाही. आणि गाण्याला सुरुवातीला लांब आलाप असेल तर कापा. स्नोप्लाऊ सॅमपासून (अगदी लहान मुलांच्या लेव्हल) बेसिक ६ पर्यंत प्रोग्रामला जास्तीत जास्त १ मिनिट १० सेकंद मिळतात, आणि ती वेळ मुलगी हलली की सुरू होते, गाणं सुरू झाल्यावर नाही. म्हणजे ती उभी राहिली त्याचा वेळेत दोष नव्हता, फक्त गाणं पुढे निघून गेलं. ठसठशीत ठोका असलेलं गाणं घेतलं तर मुलाला निघायचं कधी ते कळतं. शब्द असलेलं चालतं, मराठी पण चालतं. माझ्या मागच्या प्रोग्रामला ढोल-लेझीम होतं, शाळेत सातवीपर्यंत लेझीम खेळले त्यामुळे हात आपोआप लागतात, आणि टू-फूट स्पिनच्या (दोन्ही पायांवरच्या गिरकीच्या) आधी जो ताशाचा कडकडाट आहे त्यावर मला दर वेळी अंगावर काटा येतो.

कोथरूडचा_मामा · रविवार, दुपारी २:०५

मध्येच येतोय, आमच्याकडे भाची रोलर स्केटिंग करते, चार चाकांचं, रोज पहाटे पाचला तिला ग्राउंडवर सोडायला मी जातो. तिला यूट्यूबवर बर्फावरचं बघून तेच पाहिजे. इथे काही सोय आहे का? आणि रोलर येत असेल तर बर्फावर जमतं का?

थर्मासवाला_बाबा · रविवार, संध्याकाळी ६:३०

मामा, जमतं, तोल आणि क्रॉसओव्हर दोन्ही कामाला येतात, थांबायचं मात्र नव्याने शिकावं लागतं कारण चाकाचा ब्रेक आणि ब्लेड आडवं घासून थांबणं यात खूप फरक. बर्फाची सोय भारतात फार थोडी. देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी मोठं रिंक बांधलं, मग ते कित्येक वर्षं बंद पडून होतं, गुडगावला मॉलमध्ये एक आहे पण ते लहान. भारताची तारा प्रसाद बघा, राष्ट्रीय विजेती, ती अमेरिकेतच वाढली आणि शिकली. भाचीला रोलरचं आर्टिस्टिक दाखवा, त्यात उड्या, स्पिन, गाणं सगळं असतं आणि पुण्यात राहून करता येईल. कधी इकडे सुट्टीला आलात तर आठवडाभर रिंकवर घेऊन जातो तिला, मनापासून सांगतोय.

नोव्हायची_आई · मंगळवार, रात्री ९:१५

सगळ्यांचे खूप आभार, दोन दिवस परत परत वाचलं. स्कोअररूम, तुमचा निरोप मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला, एका जजला ती तिसरी वाटली हे आम्ही दोघांनी बघितलंच नव्हतं, आम्ही फक्त खालचा पाच बघत बसलो होतो.

काल कोचशी बोलले. जानेवारीच्या स्पर्धेच्या प्रवेशिका अजून बंद झालेल्या नाहीत, तर तिला बेसिक २ मध्ये घालायचं ठरलं. लेव्हल बदलली की आमच्या सिरीजमध्ये आधीचे पॉइंट धरत नाहीत, मी विचारलं, कोचला वाटलं मी नाराज होईन, मी म्हटलं जाऊ दे ते पॉइंट. जानेवारी आणि मार्च अशा दोनच करणार, दोन्ही घरापासून तासाच्या आत. जानेवारीला नुसते एलिमेंट्स, मार्चला प्रोग्राम पण, तिची इच्छा असेल तर.

तिला विचारलं तेव्हा जजच्या थंडीचं आणि मोज्यांचं पण सांगितलं. तिने खूप विचार केला आणि म्हणाली, मग त्यांना कोणी चहा का देत नाही. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या, त्या म्हणाल्या मी येते जानेवारीला, थर्मास भरून घेऊ. जजना चहा देता येणार नाही हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, कोचला प्यायला देऊ. त्या येतायत याचंच मला इतकं बरं वाटलं.

गाण्याचं पण झालं, लेझीम ऐकवलं तर लगेच हो म्हणाली, १ मिनिट ५ सेकंदांचं कापून द्यायचं काम नवऱ्याने घेतलंय. सध्या हॉलमध्ये पोझ आणि चार पावलं चालू आहेत, सोफा मागे सरकवलाय.

एक राहिलंच. टाइट्स. दुकानात अंगाच्या रंगाच्या म्हणून ज्या मिळतात त्या सगळ्या गोऱ्या कातडीच्या, तिच्या पायावर त्या वेगळ्याच दिसतात, मागच्या वेळी तिने स्वतःच विचारलं होतं माझे पाय पांढरे का दिसतायत. कुणी आपल्या मुलींसाठी काय केलंय?

चाळिशीनंतरची_स्केटर · मंगळवार, रात्री १०:०२

गडद छटांच्या हल्ली मिळतात, नृत्याच्या कपड्यांच्या दुकानात बघ, स्केटिंगच्या दुकानापेक्षा तिथे जास्त रंग असतात, बॅलेवाल्या मुलींसाठी ठेवतात. तिला घेऊन जा आणि दिवसाच्या उजेडात हातावर लावून बघ, दुकानातल्या दिव्यात फसायला होतं. नाहीच मिळाल्या तर सरळ काळी लेगिंग घाल, या लेव्हलला ड्रेसच पाहिजे असं काही नाही, मी स्वतः काळ्या पँटवरच खेळते. जानेवारीत काय झालं ते नक्की लिही.